विम्याचा हप्ता एक, आकडे तीन

जून उजाडला की आमच्या दवाखान्यात दोन तऱ्हेची गर्दी सुरू होते. एक नेहमीची पावसाळी गर्दी. सर्दी, ताप, जुलाब, पायाच्या बोटांतल्या चिखल्या. दुसरी गर्दी प्रकृतीने ठणठणीत असते, पण हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत विम्याच्या पावत्या, कचेरीतून मिळालेला फॉर्म १६ आणि चेहऱ्यावर चिंता. "डॉक्टर, पासबुकात विम्याचा हप्ता दिसतोय २२,००० रुपये, ऑफिसने धरलाय १५,०००, आणि विमा कंपनीचा दाखला म्हणतो २६,०००. मी लिहू तरी काय?"

मी करसल्लागार नाही. ज्यांचे व्यवहार गुंतागुंतीचे आहेत त्यांनी सरळ सीएकडे जावे. परंतु आजारपणासाठी बाजूला काढलेल्या पैशांच्या नोंदीत घोळ झाला, तर तो घोळ प्राप्तिकर खात्यापाशी थांबत नाही. पुढे कधीतरी रात्री दोन वाजता रुग्णालयाच्या कॅशलेस खिडकीवर तोच घोळ समोर येतो आणि तेव्हा निस्तरायला वेळ नसतो. म्हणून आरोग्याच्या सदरात आज थोडा हिशेब.

प्रथम एक गोष्ट पाहून घ्यावी. आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची वजावट १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील ८०-डी ह्या कलमाखाली मिळते. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा कायदा लागू होत असून त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. लोकांच्या तोंडी मात्र ८०-डी हेच नाव राहणार.) ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. २०२३-२४ ह्या आर्थिक वर्षापासून, आपण वेगळे सांगितले नाही तर, नवी पद्धत आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०-डी नाही. तेव्हा आपण नव्या पद्धतीत असाल तर फॉर्म १६ मध्ये हप्त्याचा आकडा न दिसणे ही चूक नव्हे. कित्येक मंडळी नव्या पद्धतीत असूनही पावत्यांचा ताळा घालत बसतात.

आणि येथेच एक धोक्याची गोष्ट सांगून ठेवतो. "आता सवलत नाही, मग विमा कशाला?" असे म्हणून पॉलिसी सोडून दिलेली माणसे मला भेटू लागली आहेत. विमा करासाठी नसतो. पन्नाशीत मधुमेह जडलेल्या माणसाने जुनी पॉलिसी सोडली, तर नव्या पॉलिसीत त्याच्या आधीपासूनच्या आजाराला पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. सलग पाच वर्षे, म्हणजे साठ महिने, चाललेल्या पॉलिसीत फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज कंपनीला जुनी माहिती उकरून दावा नाकारता येत नाही, हा २०२४ च्या नियमांनी दिलेला हक्कही त्याच्या हातून जातो. पाच-सहा हजार रुपयांच्या करासाठी घेतलेला असा निर्णय एका बायपासच्या खर्चात बुडतो.

आता त्या तीन आकड्यांकडे वळू. पासबुक, विमा कंपनीचा दाखला आणि फॉर्म १६ असे तीन कागद जवळ घेऊन बसावे. तिघांचे म्हणणे वेगळे का, ते समजले की लिहायचा आकडा आपोआप सापडतो.

वरच्या गृहस्थांचेच पाहा. ऑफिसने जानेवारीत पुरावे मागितले तेव्हा त्यांनी आदल्या वर्षीची १५,००० ची पावती अंदाजाने जोडली होती. फॉर्म १६ मधला आकडा तेथून आला. प्रत्यक्षात हप्ता वाढून २६,००० झाला. त्यातले २२,००० त्यांनी बँकेतून भरले आणि उरलेले ४,००० ओळखीच्या एजंटाच्या हातात रोख ठेवले. एजंटाने ते स्वतःच्या खात्यातून कंपनीला भरले. म्हणून कंपनीच्या लेखी २६,००० बरोबर, ऑफिसच्या लेखी १५,००० बरोबर आणि पासबुकाच्या लेखी २२,००० बरोबर. कायद्याच्या लेखी? हप्ता रोखीने दिला तर वजावट नाही. म्हणजे वजावटीचा आकडा २२,०००. फॉर्म १६ मध्ये कमी धरले असले तरी जुनी पद्धत निवडून विवरणपत्रात योग्य आकडा लिहिता येतो, पुरावा मात्र जवळ हवा.

मर्यादाही ध्यानात असू द्यावी. स्वतः, पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले यांच्यासाठी २५,००० रुपये, स्वतः किंवा जोडीदार साठीच्या पुढे असेल तर ५०,०००. आईवडिलांसाठी वेगळे २५,०००, आणि त्यांच्यापैकी कोणी साठ वर्षे पूर्ण केलेले असेल तर ५०,०००. आईवडील आपल्यावर अवलंबून असलेच पाहिजेत असे नाही. मात्र सासूसासरे ह्यात येत नाहीत. जावयाने सासऱ्यांचा हप्ता भरला तर ते पुण्याचे काम आहे, वजावटीचे नाही. तोच हप्ता मुलीने आपल्या खात्यातून भरला आणि तिला स्वतःचे उत्पन्न असेल, तर तिला वजावट मिळते.

आमच्याकडे सर्वांत जास्त घोळ बापलेकांत होतो. वडील निवृत्त, पॉलिसी त्यांच्या नावावर, दाखला त्यांच्या नावाने येतो, पैसे जातात मुलाच्या खात्यातून. मग वडीलही वजावट घेतात आणि मुलगाही. ज्याने पैसे भरले त्याचीच वजावट. निम्मे-निम्मे भरले असतील तर निम्मी-निम्मी, पण एकाच रुपयावर दोघांनी हात मारायचा नाही.

दुसरा घोळ दोन-तीन वर्षांचा हप्ता एकदम भरणाऱ्यांचा. कंपन्या थोडी सूट देतात म्हणून लोक भरतात आणि सगळी रक्कम त्याच वर्षी दाखवतात. कायदा म्हणतो, पॉलिसी जितक्या आर्थिक वर्षांत चालू आहे तितक्या वर्षांत रक्कम समान वाटा. १ एप्रिलला सुरू झालेल्या दोन वर्षांच्या पॉलिसीला ४८,००० भरले, तर प्रत्येक वर्षी २४,०००. पॉलिसी वर्षाच्या मध्यावर सुरू झाली असेल तर तिचे दोन वर्षांचे आयुष्य तीन आर्थिक वर्षांना शिवते. अशा वेळी कंपनीकडून वर्षवार रकमेचा दाखला मागून घ्यावा. पुढच्या वर्षी हप्ता भरलेला नसतानाही वजावट मिळणार असते, ही गोष्ट पुष्कळजण विसरतात आणि हक्काची रक्कम सोडून देतात.

तिसरा प्रकार, हप्ता गेला आणि परत आला. वैद्यकीय तपासणीनंतर कंपनीने प्रस्ताव नाकारला किंवा नूतनीकरण अडले, तर पैसे महिन्याभराने खात्यात परत जमा होतात. मार्चमध्ये गेलेले पैसे एप्रिलमध्ये परत आले, पासबुकाचे मार्चचे पान पाहून वजावट घेतली, आणि मुख्य म्हणजे पॉलिसी अस्तित्वातच नाही! करापेक्षा ही दुसरी गोष्ट भयंकर. पैसे कापले गेले म्हणजे विमा झाला असे समजू नका. पॉलिसीचा कागद आला का, ते पाहा.

कोणते पैसे कोणत्या वर्षात धरायचे, ह्या गोंधळात आपण एकटे नाही. आपल्या बदलापुरातली कित्येक मुले अमेरिकेत आहेत. तेथे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट नावाचे खाते असते. ठरावीक प्रकारचा विमा असलेल्या माणसाने त्यात पैसे साठवायचे, त्यावर कर नाही आणि औषधोपचारासाठी काढले तर तेव्हाही नाही. एका वर्षाची रक्कम पुढच्या वर्षीच्या एप्रिलच्या मध्यापर्यंत भरता येते. त्यामुळे मालकाने दिलेल्या पगारपत्रकात एक आकडा, खाते ठेवणाऱ्या बँकेच्या कागदात दुसरा, आणि मुले तिकडे एप्रिलमध्ये डोके धरून बसतात. उपाय तेथेही तोच. प्रत्येक भरण्याची तारीख आणि तो कोणत्या वर्षासाठी, हे जुळवायचे, आणि चूक ज्याच्या कागदात असेल त्याच्याकडून कागद दुरुस्त करून घ्यायचा. आपल्याकडे तसे बचत खाते नाही, आपली भिस्त विम्यावर.

आता माझ्या दवाखान्याशी थेट संबंध असलेला भाग. साठीच्या पुढची पुष्कळ माणसे अशी आहेत की ज्यांचा विमा कधी काढलाच नाही, आणि आता काढायचा तर हप्ता परवडत नाही. अशा ज्येष्ठांच्या प्रत्यक्ष औषधोपचाराचा खर्च ५०,००० रुपयांपर्यंत ८०-डी खाली धरता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. डॉक्टरांची फी, औषधे, रक्ताच्या तपासण्या हे सारे त्यात येते. अटी दोन. त्या व्यक्तीचा आरोग्य विमा नसावा आणि पैसे रोखीने दिलेले नसावेत.

दुसऱ्या अटीपाशी आपली गाडी अडते. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या बहात्तर वर्षांच्या आईची औषधे महिन्याला २,४०० रुपयांची धरली तर वर्षाला २८,८०० होतात. मुलगा कल्याणहून येता येता मेडिकलमधून रोख पैसे देऊन गोळ्या आणतो, बिल घेत नाही, घेतले तर त्यावर आईचे नाव नसते. वर्षाखेरीस हाती शून्य. तेच पैसे त्याने स्वतःच्या खात्यातून मोबाइलवरून दिले आणि बिलावर रुग्ण म्हणून आईचे व लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे नाव घालून घेतले, तर पासबुक आणि बिलांचा गठ्ठा एकमेकांशी बोलतात. माझ्या दवाखान्यात रोख दिलेली फीसुद्धा ह्यात धरता येत नाही, हे मी स्वतःच सांगतो.

नावाचे बिल मला वैद्य म्हणूनही हवे असते. मध्यरात्री आजींना घाम सुटून भोवळ आली, तर कोणती साखरेची गोळी किती मिलिग्रॅमची चालू आहे ते घरात कोणालाच सांगता येत नाही. "ती पांढरी, छोटी" एवढेच उत्तर मिळते. बिलांचा गठ्ठा असला की काम होते.

प्रतिबंधक आरोग्य तपासणीला मात्र रोखीची सूट आहे. ५,००० रुपयांपर्यंतची तपासणी रोख पैसे देऊनही धरता येते. फक्त हे ५,००० वरच्या मर्यादेच्या आतले आहेत, बाहेरचे नव्हेत. हप्ताच २५,००० चा असेल तर तपासणीला जागा उरत नाही. शिवाय तापाला घेतलेली गोळी म्हणजे प्रतिबंधक तपासणी नव्हे.

ह्यावरूनच जुलैतल्या त्या मागणीकडे येतो. "डॉक्टर, चेकअपची एक पावती द्या ना, मार्चच्या तारखेची." मागणारा परका नसतो, त्याच्या मुलांना मी लशी टोचलेल्या असतात. तरीही पावती मिळत नाही. पावतीपुस्तकाचे क्रमांक ओळीने चालतात. जुलैच्या क्रमांकावर मार्चची तारीख घातली तर ती खोटी पावती झाली, तिने आकडे जुळले तरी. खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देणाऱ्या मंडळींविरुद्ध प्राप्तिकर खात्याने १४ जुलै २०२५ रोजी देशभर मोठी तपासणी मोहीम हाती घेतली होती, आणि त्या वजावटींत ८०-डी चाही समावेश होता. विवरणपत्रात विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांकही २०२५-२६ ह्या करनिर्धारण वर्षापासून विचारला जाऊ लागला. "कोण बघतोय?" हे दिवस गेले.

खात्याकडून आकड्यांतल्या फरकाबद्दल सूचना आलीच तर घाबरून जाऊ नये, आणि टपालातला नको असलेला कागद समजून टाकूनही देऊ नये. उत्तराला साधारणतः तीस दिवस असतात. आपला आकडा बरोबर असेल तर कागदांसह तसे कळवावे. चुकला असेल तर मुदतीत सुधारित विवरणपत्र भरावे. मुदत उलटल्यावरही ठरावीक वर्षांपर्यंत जादा कर भरून दुरुस्ती करण्याची सोय आहे.

दाखला दुरुस्त करून घेताना त्याच बैठकीत आणखी काही पाहून टाकावे. पॉलिसीतील नावाचे स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणे आहे का? जन्मतारीख? पॉलिसीत वय ५८ आणि आधारवर ६१ असेल, तर करात मर्यादेचा प्रश्न आणि रुग्णालयात ओळखीचा प्रश्न, दोन्ही एकदम उपटतात. मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया ह्यांची नोंद आहे का? एजंटाने फॉर्म भरताना "आजार नाही" असे परस्पर लिहून टाकलेले मी पुष्कळदा पाहिले आहे. आणि नूतनीकरणाची तारीख. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, तेवढ्यात भरले तर सलगता टिकते, परंतु त्या मधल्या दिवसांत आजार झाला तर भरपाईची खात्री नाही.

इथपर्यंतचे सारे पगारदार आणि पेन्शनर मंडळींसाठी झाले. पण आपल्या भागात खरवई, माणकिवली, अंबरनाथ येथल्या कारखान्यांत आणि उल्हासनगरच्या कारखानावजा गाळ्यांत काम करणारा मोठा वर्ग आहे. त्यांचा प्राप्तिकराशी संबंध येत नाही. तरी आजारपणासाठी त्यांच्याही पगारातून दरमहा पैसे जातात, ते राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ईएसआयमध्ये. उल्हासनगरचे कामगार विमा रुग्णालय त्याच योजनेचे. १९४८ च्या कायद्याने आलेली ही योजना २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेखाली गेली आहे. येथे नोंद चुकली तर करात चारदोन हजारांचे नुकसान होत नाही, घरातली चूल थंडावते.

मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून १ जुलै २०१९ पासून पाऊण टक्का वर्गणी जाते आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. १६,००० पगार असेल तर कामगाराचे १२० रुपये, मालकाचे ५२०. वर्षाचे दोन भाग. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला आजारपणाचा भत्ता ठरतो, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधला. सहा महिन्यांत निदान ७८ दिवसांची वर्गणी जमा दिसली पाहिजे. तेव्हा कोठे रोजच्या वेतनाच्या सत्तर टक्के भत्ता, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत.

समजा, फेब्रुवारीत एखाद्या तरुण कामगाराच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. औषध मोफत मिळते. पण सुरुवातीचे काही आठवडे घरी बसायचे तर खायचे काय? मी दाखला लिहून देतो, तो शाखा कार्यालयात जातो, आणि तेथे समजते की गेल्या एप्रिल ते सप्टेंबरात त्याचे ७० च दिवस दिसतात. काम केले रोज, ठेकेदाराने भरले निम्मे दिवस. किंवा जुलैत पगार २१,००० च्या वर गेला म्हणून कपात तेथेच थांबवली. वास्तविक सहामाही संपेपर्यंत ती चालू ठेवायची असते. महिन्याला सव्वीस दिवस धरले तर तीन महिन्यांचे बरोबर ७८ होतात, एक खाडा झाला की ७७. किंवा नोकरी बदलताना जुना दहा आकडी विमा क्रमांक सांगितला नाही, नव्या ठेकेदाराने नवा काढला, आणि एकाच माणसाचे दिवस दोन क्रमांकांवर विभागले गेले. क्षयासारख्या लांबलेल्या आजाराला पुढे वाढीव भत्ताही आहे, पण त्याला दोन वर्षांची सलग नोकरी आणि १५६ दिवसांची वर्गणी लागते. तेथे तर ही नोंद फारच मोलाची ठरते.

प्रत्येक महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरली गेली पाहिजे. कामगाराला विमा क्रमांकाने संकेतस्थळावर किंवा उमंग ह्या सरकारी मोबाइल अॅपवर आपले दिवस पाहता येतात. स्वतःला जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सांगावे. एकदा ऑक्टोबरच्या अखेरीस आणि एकदा एप्रिलच्या अखेरीस पाहिले की पुरे. दिवस कमी दिसले तर पगाराची स्लिप आणि हजेरीचा पुरावा घेऊन प्रथम कारखान्याच्या कचेरीत, तेथे दाद लागली नाही तर शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. दोन क्रमांक असतील तर ते एकत्र करण्याचा अर्जही तेथेच. मालकाने पैसे भरले नाहीत म्हणून कामगाराचा हक्क बुडू नये, लाभ देऊन रक्कम मालकाकडून वसूल करावी, अशी तरतूद कायद्यात आहे. पण तिच्यासाठी कामगाराच्या हातात कागद लागतो, आणि ठेका कामगारांना स्लिप मिळतच नाही ही खरी रड आहे. निदान बँकेत जमा झालेल्या पगाराचे पासबुक आणि गेटपासचा फोटो तरी ठेवावा.

कागद ठेवायचे कोठे, हा बदलापूर गावातल्या माणसाने विचारण्याजोगाच प्रश्न. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदी घराघरांत शिरली तेव्हा लोकांची रेशनकार्डे, पासबुके, पॉलिसी सगळी चिखलात गेली. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकली, त्याही वेळी खालच्या वस्त्यांत तीच गत. विवरणपत्राची मुदतही नेमकी जुलैअखेर. तेव्हा पॉलिसी, हप्त्याचे दाखले, ईएसआयचे कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवावी आणि प्रत्येकाचा फोटो मोबाइलमध्ये असावा. भिजून गेलेच असतील तर विमा कंपनी हप्त्याच्या दाखल्याची दुसरी प्रत देते. मेडिकलवाला आपल्या संगणकातून जुनी बिले काढून देऊ शकतो, आणि आमच्या दवाखान्याच्या पावत्यांची स्थळप्रत माझ्याकडे असते. सकाळी दहाच्या आत या, त्यावेळी गर्दी कमी असते.